भुंगेरा सांगतो रानाचं वय
तर मंडळी, आता आपण दप्तरखान्यातून थोडं रानात जाऊ. उत्तर जर्मनीत, लोअर सॅक्सनीच्या सपाट मुलखात, शतकानुशतकं जंगलतोड आणि मेंढ्यांची चराई झाली. उरला खुरट्या झुडपांचा माळ. १९व्या शतकात त्याच माळावर पाइन लावले गेले. आज पाहिलं तर सगळीकडे रानच दिसतं. मग जुनं कोणतं आणि लावलेलं कोणतं?

एक साक्षीदार म्हणजे हॅनोव्हरच्या लष्करी अधिकाऱ्यांनी १७६४ ते १७८६ या काळात काढलेले नकाशे. दुसरा सहा पायांचा: कॅराबस ग्लॅब्रॅटस हा काळा भुंगेरा. त्याला उडता येत नाही. रान तुटलं की तो संपतो, आणि मध्ये शेतं असली तर परत येत नाही. संशोधकांनी जमिनीत पेले पुरून भुंगेरे पकडले, तेव्हा अशा न उडणाऱ्या काही जाती मुख्यतः जुन्या रानांतच सापडल्या.

‘तोडलं तर दुप्पट लावू,’ असं आपण सहज म्हणतो. झाडं शंभर वर्षांत उभी राहतीलही. पण पायी येणाऱ्याला शेजारी जुनं रान शिल्लक असावं लागतं.