निनांवी वार्ता आणि राजशासन (इ. स. १७९९ ते २०२४)

जुन्या पोथ्या चाळणाऱ्यांस लेखकूची एक सवय परिचित आहे. पोथीच्या शेवटीं तो सांगतो कीं, पुढ्यांत जसें पुस्तक होतें तसें मीं उतरलें. शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मजकडे नाहीं. आज मोबाइलवर आलेला मजकूर पुढें धाडतांना 'जसा आला तसा पाठविला' असें जें लिहितात, तें याच वृत्तीचें नवें रूप होय. फरक एवढाच कीं, जुना लेखकू पुष्कळदां त्याच पुष्पिकेंत आपलें नांव, गांव, शक व तिथि देतो. नवा लेखकू दोष नाकारतो आणि नांवहि देत नाहीं.

समाजमाध्यमांवरील खोट्या वार्तांस सरकारनें आळा घालावा काय, व घालावा तर कसा, हा प्रश्न नवीन म्हणून चर्चिला जातो. परंतु या देशांत त्याचा इतिहास सव्वादोनशे वर्षांचा आहे. तो क्रमानें पाहतां असें दिसतें कीं, या विषयावरील कायद्यांत दोन निराळ्या गोष्टी एकत्र गुंतलेल्या असतात. एक, मजकूर कोणाचा हें विचारणें. दुसरी, तो खरा कीं खोटा हें सरकारनेंच ठरविणें. पहिली पुराव्याची बाब आहे, दुसरी सत्तेची. त्यांचा विवेक करणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

इ. स. १७९९ मध्यें गव्हर्नर-जनरल वेलस्लीनें कलकत्त्याच्या वृत्तपत्रांसाठीं नियम केले. अंकाच्या तळाशीं मुद्रकानें आपलें नांव छापावें. संपादकानें व मालकानें आपलें नांव आणि राहण्याचें ठिकाण सरकारच्या चिटणिसास कळवावें. व चिटणिसानें तपासल्यावांचून अंक प्रसिद्ध करूं नये, असे ते होते. म्हणजे दोन्ही गोष्टी आरंभींच एका मोळींत बांधिल्या गेल्या. पूर्वतपासणी १८१८ मध्यें उठली, पण १८२३ मध्यें जॉन ॲडमनें परवान्याची पद्धति आणिली. तिच्या निषेधार्थ राममोहन रॉय यांनीं आपलें 'मिरात-उल्-अखबार' हें फारसी पत्र बंद केलें. १८३५ मध्यें मेटकाफनें परवाना काढून टाकिला; मात्र मुद्रक व प्रकाशक यांनीं आपलें नांव व मुद्रणस्थळ नोंदवावें, एवढी अट ठेविली. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यानें तीच अट पुढें चालविली, आणि २०२३ चा नवा कायदा अमलांत येईपर्यंत तो टिकला. त्या कायद्यान्वयें झालेल्या पुस्तकांच्या नोंदी आज ग्रंथसंग्राहकांस किती उपयोगी पडतात, हें येथें सांगावयास नको.

याच्या उलट १८७८ चा लिटनचा कायदा पाहावा. तो केवळ देशी भाषांतील पत्रांपुरता होता. मजकूर आक्षेपार्ह कीं नाहीं हें सरकारी अंमलदारानें ठरवावें, आणि त्यावर न्यायालयांत दाद नसावी, अशी त्याची रचना होती. रिपनच्या कारकीर्दींत १८८२ मध्यें तो रद्द झाला. नांव विचारणारा कायदा दीडशे वर्षांहून अधिक जगला. सत्यासत्याचा अधिकार अंमलदाराच्या हातीं देणारा चार वर्षेंहि पुरा जगला नाहीं.

या दोहोंच्या मध्यें एक तिसरी वाट आहे. दंडसंहितेचें ५०५ वें कलम १८९८ मध्यें नव्यानें रचिलें गेलें. लोकांत भय उत्पन्न करणारी वदंता पसरविणें हा त्यांत अपराध आहे. परंतु मजकूर खरा मानण्यास वाजवी कारण होतें आणि हेतु दुष्ट नव्हता असें दिसल्यास अपवादहि आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५३ व्या कलमांत हाच आशय असून इलेक्ट्रॉनिक साधनांचा उल्लेख त्यांत नव्यानें आला आहे. या कलमाचा दुरुपयोग होऊं शकतो हें खरें. तथापि निवाडा येथें न्यायालय करितें, सरकार नव्हे.

अफवेचा धोका काल्पनिक आहे, असें कोणी म्हणूं नये. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें मुलें पळविणारे समजून पांच भिक्षेकऱ्यांस जमावानें ठार मारिलें. ते मंगळवेढ्याकडील डवरी गोसावी होते. दारोदार फिरणें हाच ज्यांचा पिढीजाद व्यवसाय, त्यांस परकें म्हणून संशयानें मारावें, यापरतें दुर्दैव कोणतें? त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक मजकूर एका वेळीं पांचच ठिकाणीं धाडतां येईल, अशी मर्यादा घातली.

पण नांव ठाऊक असणें हेंहि नेहमीं निरुपद्रवी नसतें. २०१२ च्या नोव्हेंबरांत पालघर येथें बंदविषयीं फेसबुकवर मत लिहिणारी एक तरुणी आणि तें पसंत करणारी दुसरी, अशा दोघींस अटक झाली. नांवें उघड होतीं म्हणूनच ती सुलभ झाली. अशा अटकांमुळें वादग्रस्त ठरलेलें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें '६६ अ' हें कलम सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं रद्द केलें. २०२१ च्या नियमांनीं मोठ्या संदेशसेवांवर मजकुराचा मूळ प्रेषक दाखविण्याचें बंधन घातलें. त्यावर आक्षेप असा कीं, एका अपराध्याचा माग ठेवण्यासाठीं सर्वांचेच लखोटे फोडावे लागतील. हा आक्षेप क्षुल्लक नाहीं.

एप्रिल २०२३ मध्यें आणखी एक नियम आला. केंद्र सरकारच्या कारभाराविषयींचा कोणता मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा, हें सरकारनेंच नेमिलेल्या पथकानें ठरवावें, आणि तो तसाच ठेवणाऱ्या माध्यमाचें कायदेशीर संरक्षण जावें, असा त्याचा आशय. मुंबई उच्च न्यायालयांत ३१ जानेवारी २०२४ रोजीं दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला; २० सप्टेंबर २०२४ रोजीं तिसऱ्या न्यायमूर्तींनीं नियम घटनाबाह्य असल्याचें मत दिलें, आणि त्याच महिन्यांत तो रद्द ठरला. शब्दांची संदिग्धता आणि सरकारनें आपल्याच वादांत न्यायाधीश होणें, हे त्यांतील मुख्य आक्षेप होत. १७९९ चा चिटणीस दोन शतकांनीं दुसऱ्या वेषांत आला होता, इतकेंच.

येथें स्वतःची एक चूक सांगणें प्राप्त आहे. गेल्या वर्षीं परिचितांच्या एका गटांतून प्रस्तुत लेखकाकडे एका मोडी पत्राचें छायाचित्र आलें. पत्र शिवछत्रपतींचें, असें खालीं म्हटलें होतें. वळण मोहक, मजकूर अभिमान वाटावा असा. लेखकानें तें न तपासतां चार जुन्या विद्यार्थ्यांस धाडिलें. एकानें त्याच सायंकाळीं विचारिलें, "गुरुजी, यांत शके १५९० आहे, आणि राज्याभिषेक शकहि आहे. हें कसें?" राज्याभिषेक झाला शके १५९६ मध्यें, म्हणजे इ. स. १६७४ त. वर्गांत वर्षानुवर्षें शब्दप्रमाण शिकवितांना वचन आप्ताचें असावें असें सांगणाऱ्यानें, हें वचन कोणाचें एवढेंहि विचारिलें नव्हतें. चौघांस चूक कळविली. पण एकानें तोंवर पत्र पुढें पाठविलें होतें. तें कोठवर गेलें, तें आतां सांगतां येत नाहीं.

त्या पत्राचा खोटेपणा कोण्या खात्याच्या शिक्क्यानें ठरला नाहीं. शकांच्या मेळानें ठरला. तो पुरावा कोणासहि पुन्हां तपासतां येतो. सरकारासहि हाच मार्ग मोकळा आहे. आपल्याविषयींची वार्ता खोटी असेल तर त्यानें कागद पुढें मांडून प्रतिवाद करावा; निवाडा करूं नये. जेथें जीवावर बेतलें असेल, तेथें मूळ प्रेषकाचें नांव विचारावें, पण न्यायालयाच्या आज्ञेनें आणि त्या एका प्रकरणापुरतें. याज्ञवल्क्यानें लेख्याच्या शेवटीं लिहिणाऱ्यानें आपलें व पित्याचें नांव घालावें असें सांगितलें आहे. तो नियम राजासाठीं नव्हे, लिहिणाऱ्यासाठीं आहे. तो आपण संग्राहकांनीं तरी पाळावा : कोणताहि कागद पुढें देतांना तो कोठून आला, कोणीं पाहिला व काय तपासलें, या तीन ओळी त्यासोबत द्याव्या, आणि देतां येत नसतील, तर तो कागद आपल्यापाशींच ठेवावा.