परदेशातून बेंगळुरूत शिकायला येताना : पहिल्या चौदा दिवसांचा हिशेब

के. आर. पुरम (बेंगळुरू) : बेंगळुरूच्या पूर्व भागात के. आर. पुरमच्या तारांनी तोललेल्या पुलावरून होस्कोटेच्या दिशेने निघाले, की ओल्ड मद्रास रस्त्यावर आणि त्याच्या आसपास महाविद्यालयांच्या पाट्या लागू लागतात. गार्डन सिटी विद्यापीठ, केंब्रिज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, ईस्ट पॉइंट, एस. ई. ए. अशा संस्था याच पट्ट्यात आहेत. नेपाळ, बांगलादेश आणि आफ्रिकेतील देशांतून बेंगळुरूत शिकायला येणाऱ्या तरुणांपैकी काही जण याच परिसरातील वसतिगृहांत, ‘पीजी’त किंवा भाड्याच्या सदनिकांत राहतात. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये भारतात १७० देशांचे ४६,८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते आणि त्यांत सुमारे २८ टक्के एकट्या नेपाळचे होते.

या विद्यार्थ्यांची अडचण सहसा अभ्यासापासून सुरू होत नाही. ती कागदपत्रांपासून सुरू होते. त्यातही विमानतळावर पारपत्रावर शिक्का बसल्यानंतरचे पहिले दोन आठवडे निर्णायक ठरतात. पूर्व बेंगळुरूत सदनिका घेऊन ती भाड्याने देणाऱ्या मराठी कुटुंबांसाठीही हे नियम महत्त्वाचे आहेत, कारण त्यांतील एक जबाबदारी कायद्याने थेट घरमालकावर टाकलेली आहे.

प्रवेशापूर्वी

संस्था निवडताना पहिली चौकशी मान्यतेची करावी. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो. नागपूर आणि बेळगाव जिल्ह्यातील गोकाक येथील संस्थांची नावे त्या यादीत अनेक वर्षे राहिली आहेत. महाविद्यालय स्वतंत्र विद्यापीठ आहे की दुसऱ्या विद्यापीठाशी संलग्न, पदवी कोणाच्या नावाने मिळणार, याचे उत्तर दलालाकडून तोंडी न घेता संस्थेकडून लेखी घ्यावे. आयोगाने २०२२ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर जागांच्या २५ टक्क्यांपर्यंत अतिरिक्त जागा निर्माण करण्याची मुभा संस्थांना दिली. त्यामुळे प्रवेश मिळणे तुलनेने सोपे झाले असले, तरी मायदेशातील शालान्त परीक्षेची समकक्षता सिद्ध करण्याचे काम विद्यार्थ्याकडेच राहते. एप्रिल २०२५ मध्ये आयोगाने परदेशी पात्रतेच्या समकक्षतेचे नवे नियम अधिसूचित केले आहेत. जुन्या माहितीपत्रकातील सूचना त्यामुळे कालबाह्य झालेल्या असू शकतात.

व्हिसा विद्यार्थी वर्गातलाच हवा. पर्यटक व्हिसावर येऊन नंतर तो बदलून घेता येईल, असे सांगणारे मध्यस्थ आजही भेटतात. तसा बदल सर्वसाधारणपणे करता येत नाही. सरकारच्या ‘स्टडी इन इंडिया’ संकेतस्थळावर नोंदणी करून मिळणारा ओळख क्रमांक आता ई-विद्यार्थी व्हिसासाठी आवश्यक आहे. पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेल्या आफ्रिकी वा दक्षिण अमेरिकी देशातून येणाऱ्याने प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी लस घेऊन तिचे प्रमाणपत्र हातातील सामानात ठेवावे. ते नसल्यास भारतात उतरताच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.

नोंदणी आणि घरमालक

१८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असलेल्या परदेशी नागरिकाने भारतात आल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंदणी करावयाची असते. हे दिवस बेंगळुरूत पोहोचल्यापासून मोजले जात नाहीत. भारतात जिथे प्रथम उतरला तेथपासून ते मोजले जातात. मुंबईत नातेवाइकांकडे आठवडाभर राहून येणाऱ्याच्या हाती मग एकच आठवडा उरतो. २०१८ पासून ही प्रक्रिया ‘ई-एफआरआरओ’ या ऑनलाइन प्रणालीवर होते आणि बोलावणे आले तरच शांतिनगर बसस्थानकाच्या इमारतीतील कार्यालयात जावे लागते. पारपत्र, व्हिसा, प्रवेशाचा शिक्का, छायाचित्र, संस्थेचे बोनाफाइड प्रमाणपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा ही कागदपत्रे लागतात. यांपैकी शेवटचीच बहुतेकांना अडवते.

पत्त्याचा पुरावा म्हणजे केवळ भाडेकरार नव्हे. परदेशी नागरिकाला निवास देणाऱ्या प्रत्येकाने, मग ते हॉटेल असो, वसतिगृह असो, पीजी असो वा स्वतःच्या घरातील एक खोली भाड्याने देणारे निवृत्त दांपत्य असो, पाहुणा आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवणे बंधनकारक आहे. ‘फॉर्म सी’ या जुन्या नावाने हा अर्ज ओळखला जातो. घरमालकाने तो भरला नाही, तर विद्यार्थ्याची नोंदणी अडते आणि घरमालकही अडचणीत येतो. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायद्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालच्या चार कायद्यांची जागा घेतली असून निवास देणारे, शिक्षणसंस्था आणि रुग्णालये या सर्वांवर माहिती देण्याची जबाबदारी टाकली आहे. व्हिसाची मुदत संपल्यावर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद याच कायद्यात आहे.

म्हणून घर पाहताना भाडे विचारण्याआधी घरमालकाला एकच प्रश्न विचारावा : परदेशी भाडेकरूची नोंद तुम्ही ऑनलाइन करता का? उत्तर टाळाटाळीचे असेल, तर घर कितीही चांगले असले तरी पुढे जाऊ नये.

महाराष्ट्रातून येथे स्थायिक झालेल्या घरमालकांनी आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. बेंगळुरूत ११ महिन्यांचा करार ई-स्टॅम्पवर करण्याची पद्धत रूढ आहे आणि तो बहुधा नोंदवला जात नाही. परदेशी विद्यार्थ्याशी करार करताना तो किमान नोटरी केलेला असावा आणि त्यात पारपत्रावरील नाव अक्षर न अक्षर तसेच असावे. नावातील एका अक्षराच्या फरकाने अर्ज परत आल्याचा अनुभव येथे नवा नाही.

पैशाचे कोडे

बँकेत खाते उघडायला पत्ता लागतो, पत्त्यासाठी भाडेकरार, करारासाठी अनामत रक्कम आणि अनामत देण्यासाठी पैसे. या चक्राची कल्पना नसल्यामुळे अनेक विद्यार्थी पहिल्याच महिन्यात कोंडीत सापडतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार परदेशी विद्यार्थ्याला पारपत्र, व्हिसा, छायाचित्र आणि प्रवेशपत्राच्या आधारे एनआरओ खाते उघडता येते आणि स्थानिक पत्त्याचा पुरावा ३० दिवसांत देता येतो. ही सवलत उपयुक्त आहे, परंतु पत्त्याची पडताळणी होईपर्यंत त्या खात्यात परदेशातून १,००० डॉलरपेक्षा अधिक रक्कम येऊ शकत नाही आणि एकूण व्यवहारावर ५०,००० रुपयांची मर्यादा असते. पाकिस्तानी नागरिकांच्या खात्यासाठी रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते.

आता हा हिशेब बेंगळुरूच्या अनामतीशी ताडून पाहावा. पुण्यात दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत प्रचलित आहे. बेंगळुरूत ती पाच-सहा महिन्यांची आणि कधीकाळी दहा महिन्यांची असे. समजा, भाडे १५,००० रुपये आणि अनामत पाच महिन्यांची, तर एकट्या अनामतीचेच ७५,००० रुपये होतात. नव्या खात्यातून ते देता येणार नाहीत. त्यामुळे पहिले सत्र संस्थेच्या वसतिगृहात किंवा एक-दोन महिन्यांच्या अनामतीवर मिळणाऱ्या पीजीत काढणे आणि खाते पूर्ण सुरू झाल्यावर घर शोधणे हा शहाणपणाचा क्रम ठरतो. सुरुवातीच्या खर्चासाठी फॉरेक्स कार्ड सोबत ठेवावे. रोख चलन ५,००० डॉलरहून, किंवा धनादेशांसह एकूण रक्कम १०,००० डॉलरहून अधिक असेल, तर विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडे ती जाहीर करावी.

खर्च भागवण्यासाठी अर्धवेळ नोकरी करण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. भारताचा विद्यार्थी व्हिसा नोकरीची परवानगी देत नाही. व्हाइटफील्डच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्या मेट्रोने थोड्या अंतरावर असल्या, तरी अभ्यासक्रमाचा भाग नसलेले कोणतेही सशुल्क काम व्हिसाच्या अटींचा भंग ठरते. परवानगीशिवाय संस्था बदलणे हादेखील तसाच भंग आहे.

परिसराची ओळख

कृष्णराजपुरम, कृष्णराजपुरा, के. आर. पुरा आणि के. आर. पुरम ही एकाच ठिकाणाची नावे आहेत. के. आर. मार्केट, के. आर. सर्कल आणि के. आर. रोड मात्र शहराच्या मध्यभागी आहेत, आणि नवख्या माणसाला टॅक्सी नेमकी तिकडे नेऊन सोडते. २५ मार्च २०२३ रोजी येथून व्हाइटफील्डकडे मेट्रो सुरू झाली आणि ९ ऑक्टोबर २०२३ रोजी बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा तुटलेला दुवा जोडला गेल्यापासून महात्मा गांधी रस्ता थेट गाठता येतो. विमानतळाकडे जाणाऱ्या निळ्या मार्गिकेचा आराखडाही के. आर. पुरावरूनच आहे.

घर घेण्याआधी पाण्याची चौकशी करावी. हा भाग २००७ मध्ये महानगरपालिकेत आला. त्याआधी तो स्वतंत्र नगरपालिका होता. आसपासच्या वस्त्या दीर्घकाळ कूपनलिका आणि टँकरवर विसंबून राहिल्या. २०२४ च्या उन्हाळ्यातील टंचाईची झळ पूर्व बेंगळुरूला तीव्रतेने बसली. इमारतीला कावेरीचे पाणी आहे का आणि टँकरचा खर्च भाड्यात धरला आहे का, हे करारात लिहून घ्यावे.

कन्नडची चार वाक्ये आली तर दुकानदार, रिक्षाचालक आणि वॉचमन यांच्याशी वागणे सोपे होते. ‘स्वल्प अॅडजस्ट माडि’ हे येथील बोलीतले लाडके वाक्य मराठी माणसाला अर्थ न सांगता कळते.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र गोड बोलून संपणारा नाही. ३१ जानेवारी २०१६ रोजी उत्तर बेंगळुरूतील सोलदेवनहळ्ळी येथे एका सुदानी तरुणाच्या मोटारीच्या अपघातात एका स्थानिक महिलेचा मृत्यू झाल्यानंतर, त्या अपघाताशी काहीही संबंध नसलेल्या टांझानियाच्या एका विद्यार्थिनीवर जमावाने हल्ला केला आणि तिची मोटार जाळली. या घटनेने देश हादरला. आफ्रिकी विद्यार्थ्यांनी रात्री उशिरा एकट्याने फिरू नये, असा सल्ला संस्था देतात. पण तो सल्ला अर्धाच आहे. आपल्या देशाच्या दिल्लीतील दूतावासात नाव नोंदवणे, संस्थेच्या आंतरराष्ट्रीय कक्षातील जबाबदार व्यक्तीचा थेट क्रमांक जवळ ठेवणे आणि संकटात ११२ वर संपर्क साधणे हे त्याहून महत्त्वाचे आहे. रॅगिंगविरोधी मदतवाणी १८००-१८०-५५२२ ही आहे. एकटेपणा असह्य झाल्यास १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते. या सेवेचे प्रमुख केंद्र बेंगळुरूचीच निम्हान्स संस्था आहे.

एकटेपणाचा हा मुद्दा मराठी वाचकाला अपरिचित नसावा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वसतिगृहाची जबाबदारी पाहत असताना प्रा. शां. ब. मुजुमदार यांना एक मुलगी मुलांच्या खोलीच्या खिडकीतून काही देताना दिसली. चौकशीअंती कळले, की मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी होता, त्याची शुश्रूषा करणारे कोणी नव्हते आणि ती त्याला जेवण पोहोचवत होती. परदेशी विद्यार्थ्यांना आधार देण्यासाठी १९७१ मध्ये त्यांनी ‘सिंबायोसिस’ची स्थापना केली, ती यातूनच. आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून लागू होणारा असावा आणि काविळीसारख्या साथीच्या आजारात रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च त्यात धरलेला असावा, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

ओसीआय कार्ड असलेली मुले

अमेरिकेत वा ब्रिटनमध्ये जन्मलेली आणि ओसीआय कार्ड असलेली मराठी कुटुंबांतील मुलेही पदवीसाठी भारतात येतात. त्यांना विद्यार्थी व्हिसा लागत नाही आणि कितीही काळ राहिल्यास नोंदणीही करावी लागत नाही. मात्र ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार वैद्यकीय आणि अभियांत्रिकीसारख्या सामायिक प्रवेश परीक्षांत, त्या तारखेनंतर कार्ड मिळालेल्यांना अनिवासी भारतीयांच्या जागांवरच दावा करता येतो; केवळ भारतीय नागरिकांसाठी राखीव जागा त्यांना खुल्या नाहीत. नेपाळी आणि भूतानी विद्यार्थ्यांनाही व्हिसाची गरज नसते.

उलट दिशेने, म्हणजे भारतातून बाहेर जाणाऱ्या मुलांच्या पालकांनाही हा क्रम परका नाही. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नाव नोंदवावे लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. अमेरिकेत एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याने पत्ता बदलल्यास दहा दिवसांत विद्यापीठाला कळवायचे असते.

परतताना

शिक्षण पूर्ण झाल्यावर व्हिसाची मुदत संपण्याआधी देश सोडावा. मुदत उलटून गेली असेल तर ई-एफआरआरओकडून निर्गमन परवानगी घ्यावी लागते. पदवी प्रमाणपत्र मायदेशी वापरायचे असल्यास त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील येथून निघण्यापूर्वीच करून घ्यावे. भारत २००५ पासून त्या करारात आहे, करारात नसलेल्या देशांसाठी संबंधित दूतावासाचे साक्षांकन लागते. एनआरओ खाते बंद करण्याआधी अनामत रक्कम परत मिळाली आहे ना, हे पाहावे. बेंगळुरूत रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापून घेण्याची प्रथा आहे आणि ती करारात लिहिलेली नसली तरी बहुतेक घरमालक पाळतात.