गळाला लागलेले नाव

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांना फळ्या बसतात. पावसाळाभर गढूळ पाण्याने धावणारी प्रवरा मग ठिकठिकाणी थबकते आणि मार्गशीर्ष लागेपर्यंत तिचे पाणी इतके निवळते, की काठावरच्या बाभळीची पाने त्यात मोजून घ्यावीत. उसाला पाणी मिळाले म्हणून शेतकरी खूश असतो, धुणे धुवायला घाट मिळाला म्हणून बायाबापड्या खूश असतात, आणि गळ टाकणारी मंडळी तर वर्षभर याच दिवसांची वाट पाहत असतात.

गेल्या पौषात अशाच एका बंधाऱ्याच्या फुगवट्यावर गळाची शर्यत भरली. बक्षीस मोठे नव्हते. एक स्टीलचा हंडा आणि शाल. बंधाऱ्यातील मासळीचा ठेका ज्या सोसायटीकडे होता, तिने परवानगी दिली ती एका अटीवर : जिवंत मासा पुन्हा पाण्यात सोडायचा, मेला तर त्याचे पैसे भरायचे. पंच म्हणून मला बोलावले. मला गळ टाकता येत नाही हीच माझी लायकी ठरली. शिवाय मास्तर मनुष्य, म्हणजे बेरीज तरी चुकणार नाही, असा लोकांचा समज.

स्पर्धक बारा होते. चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या, कारण नदीकाठच्या शर्यतीत अर्धा निकाल जागेवरच लागतो. सात वाजता मी शिट्टी फुंकली. अकरा वाजता पुन्हा फुंकायची आणि काट्यावर ज्याची मासळी जास्त भरेल तो जिंकला, असा सरळ हिशेब. अकरा जणांकडे चकरीच्या, लखलखीत काठ्या होत्या. बारावे एक सत्तरी ओलांडलेले भोई बाबा. त्यांच्या हातात बांबूची कांब आणि दोऱ्याला तरंगता राहावा म्हणून बांधलेला मोरपिसाचा देठ. पोरे गालात हसली. बाबांनी धोतर सावरले आणि ते खाली बसले.

मधल्या चार तासांत पंचाला काही काम नसते. पाण्याकडे पाहावे आणि मनात येईल ते येऊ द्यावे. त्या थंडीत माझ्या मनात जे आले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट थंडीचीच. मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार झाले की त्याचे शरीरही गार होते, आणि शरीर गार झाले की भूक मंदावते. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस ही सारी कार्प कुळातली मंडळी. या कुळाला खरे जठर नसते आणि जबड्यात दातही नसतात. दात असतात ते घशात. म्हणून हा मासा लांडग्यासारखा झडप घालून पोट भरत नाही, गाईसारखा थोडेथोडे चरत राहतो. हिवाळ्यात तेही चरणे आखडते. उन्हाळ्यात जो मासा आमिष ओढून नेतो, तो पौषात ते नुसते ओठांनी चाचपून सोडून देतो. त्यामुळे थंडीतल्या शर्यतीत चारा कमी टाकावा लागतो, कणकेची गोळी बोरापेक्षा लहान करावी लागते, आणि तरंगत्या देठाने नुसती मान डोलावली तरी काठी उचलावी लागते. कसब पाहायचे तर हाच ऋतू.

आता कोणी म्हणेल, की गळाची चैन ही साहेबाने आणलेली. तसे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ इ.स. 1129 च्या सुमाराचा. जुन्या मराठीचे नमुने सापडतात म्हणून आपले अभ्यासक तो आदराने उघडतात. त्याचे पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय. त्यातला चौथा भाग विनोदांचा, म्हणजे राजाच्या करमणुकीचा. आणि त्यातलाच एक ‘मत्स्यविनोद’. कोणता मासा कोठे राहतो, त्याला कोणता चारा आवडतो, दोरी कशाची, काठी कशी, सारे त्यात आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या अध्यायाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. इंग्रज ज्या आयझॅक वॉल्टनला गळाच्या छंदाचा आद्यगुरू मानतात, त्याचे पुस्तक 1653 चे. म्हणजे आमचा राजा पाच शतके आधीचा.

मात्र राजाचा विनोद आणि प्रजेचे पोट यांत अंतर असते. सोमेश्वर मजेसाठी गळ टाकीत होता. त्याच नद्यांवर कोणी पोटासाठी जाळे टाकीत असणार. त्याच्याविषयी कोणी अध्याय लिहिला नाही.

इंग्लंडात या खेळाचे एक निराळेच रूप झाले, आणि ते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. तिकडे गळाच्या शर्यती वाढवल्या त्या कामगारांनी. शेफील्डचे चाकू-सुऱ्या घडवणारे कारागीर सुट्टीच्या दिवशी आगगाडीत बसून कालव्यांवर जात आणि ओळीने बसून शर्यती लावीत. 1906 पासून तेथे देशपातळीवरचे सामने होऊ लागले. चिठ्ठ्या टाकून जागा, शिट्टीने आरंभ, शेवटी वजन. आमच्या बंधाऱ्यावरचे नियम नेमके तेच.

पण हिंदुस्थानात हा छंद आला तो कामगाराच्या खांद्यावरून नव्हे, कलेक्टराच्या सामानातून. मद्रास इलाख्यातील हेन्री थॉमस या मुलकी अधिकाऱ्याने 1873 मध्ये हिंदुस्थानातील गळावर एक जाडे पुस्तक लिहिले. त्यात मानाचे पान महसीरला, कारण तो झुंजतो. साहेबाला झुंज हवी होती. मासा शिजवायला खानसामा होताच. पुढे मुंबईजवळ पवईला, 1891 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या आणि त्या कामी निरुपयोगी ठरलेल्या तलावावर, गळवाल्यांची संस्था उभी राहिली. तीच आजची महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन. तेथे पाण्यावर बांधलेल्या मचाणांवर बसून रोहू-कटला धरण्याचा छंद मराठी, पारशी, ख्रिस्ती अशा सर्वांनी केला.

आमच्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, तलाव मासळीसाठी कोणी बांधलेच नाहीत. निजामशाहीने भातोडीचा तलाव बांधला, आणि 1624 मध्ये मलिक अंबरने त्याचेच पाणी शत्रूच्या छावणीवर सोडून लढाई जिंकली. शहाजीराजे त्या लढाईत लढले, त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. इंग्रजांनी भंडारदऱ्याला प्रवरा अडवली; 1926 मध्ये ते धरण पुरे झाले, त्याला गव्हर्नर विल्सनचे नाव आणि जलाशयाला आर्थर हिलचे. त्या पाण्यावर ऊस आला, आणि 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना. नंतर राहुरीकडे मुळा अडली, पैठणला गोदावरी अडून तिचे पाणी आमच्या शेवगाव-नेवाशापर्यंत पसरले. बागेसाठी, युद्धासाठी, उसासाठी पाणी साठत गेले. मासे त्यात न बोलावता आले आणि त्यांच्यामागून भोई आले.

या भोयांचे ऐकणारा एक माणूस मात्र होऊन गेला. तो होता कंपनी सरकारच्या फौजेतला विल्यम हेन्री साईक्स. पेशवाई बुडून सहा वर्षे झाली होती. 1824 मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची मोजदाद करायला नेमले. पिके, माणसे, गुरे, पाऊस मोजता मोजता या गृहस्थाने पाखरे आणि मासेही टिपले. पुण्याची मुळा-मुठा, आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण कडेने जाणारी भीमा, या नद्यांतले मासे त्याने पाहिले आणि चाळीसवर जातींचे वर्णन लिहिले. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने ते 1839 मध्ये प्रसिद्ध केले.

त्याने एक फार चांगली गोष्ट केली. मासा नवा दिसला, की त्याला आपल्या मित्राचे वा वरिष्ठाचे नाव द्यायचे, अशी तेव्हाची रीत. साईक्सनेही काही ठिकाणी ती पाळली. एका माशाला त्याने एल्फिन्स्टनचे नाव देऊन टाकले आहे. पण बहुतेक ठिकाणी त्याने इथल्या लोकांच्या तोंडचे नाव घेतले आणि तेच शास्त्रीय नावात बसवले. खुद्री, नुक्ता, बोगट, फुलंगी, शिंगटी, कोलस. हे शब्द लॅटिनच्या पंक्तीला जाऊन बसले आणि आजही जगभरच्या ग्रंथांत तेथेच बसलेले आहेत. टोकियोतला प्राध्यापक दख्खनच्या महसीरचे नाव लिहितो तेव्हा त्याला ‘खुद्री’ हेच लिहावे लागते. ज्याच्या तोंडून साईक्सने तो शब्द ऐकला, त्या माणसाचे नाव मात्र त्या कागदांत नाही.

मग नद्या बदलल्या. धरणांनी वाहते पाणी थांबवले, आणि वाहत्या पाण्यात वर चढून अंडी घालणाऱ्या माशांच्या वाटा बंद झाल्या. त्याच सुमारास दुसरी घटना घडली. रोहू, कटला, मृगळ हे मासे बांधलेल्या तळ्यात अंडी घालीत नसत. त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. 10 जुलै 1957 रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना तळ्यात अंडी घालायला लावले. बीज मुबलक झाले. धरणाधरणांतून ते सोडले गेले, आणि गोरगरिबांच्या ताटात मासा आला. त्याला मी नावे ठेवणार नाही. परदेशी सायप्रिनसही याच मार्गाने तळ्यातळ्यांत पोहोचला. पण जलद वाढणारे आणि वजनाला भरणारे पाहुणे आले, की घरची मंडळी कोपऱ्यात सरकतात. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या तलावावर डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 नंतर खुद्री महसीरची पैदास करून दाखवली आणि तिचे बीज देशभर वाटले, म्हणून ती तरी नावानिशी राहिली. बाकीच्यांना कोण विचारतो?

या विचारात अकरा वाजले. शिट्टी फुंकली आणि काटा टांगला. एका तरुणाच्या पिशवीत दोन सायप्रिनस आणि एक कटला, मिळून साडेचार किलो भरले. तोच पहिला. बाबांची पाळी आली. त्यांनी ओल्या फडक्यातून एकच मासा काढला, चंदेरी, हाताच्या पंजाएवढा. दोनशे ग्रॅमलाही थोडा कमी. पुन्हा हशा झाला.

मी वहीत लिहायला लागलो. “जात कोणती, बाबा? रोहूचं पिल्लू का?”

बाबांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी पाढा चुकलो आहे. “न्हाई गुरुजी. ही कोळशी. नदीचीच हाये, सोडल्याली न्हाई. माझ्या बापाच्या वक्ताला पाटी भरून घावायची. आता थंडीतच एखादी गावते, ती बी बारीक दाण्याला.”

माझी लेखणी थांबली. साईक्सच्या यादीतला ‘कोलस’! 1839 मध्ये लंडनच्या कागदावर उतरलेला तो शब्द, आणि हा प्रवरेच्या काठावर एका म्हाताऱ्याच्या तोंडातला. मध्ये पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ. बाबांनी साईक्स वाचलेला नाही. त्यांच्या आजा-पणजांनी तो सांगितला असेल, कोण जाणे! आणि मी वीस वर्षे याच नदीकाठच्या शाळेत शिकवतो, परीक्षेत मुलांकडून ‘जलचरांची नावे लिहा’ म्हणून पाच गुण कापतो, मला ती समोर धरूनही ओळखता आली नव्हती.

मी जमलेल्या पोरांना विचारले, “हिचं नाव कोणाला माहीत होतं?” अकरांपैकी एकानेही हात वर केला नाही. त्यांत बाबांचा नातूही होता.

हंडा आणि शाल साडेचार किलोवाल्याला मिळाली, आणि ते रास्तच झाले; नियम आधी ठरलेला होता. बाबांनी कोळशी पाण्यात सोडली. ती क्षणभर उथळात थबकली आणि मग खोल पाण्याकडे गेली.

यंदाच्या पौषातही शर्यत व्हायची आहे. पंच मीच आहे. मंडळींशी बोलून मी वहीत एक रकाना वाढवून घेतला आहे. जागेचा क्रमांक, माशांची संख्या, वजन, आणि चौथा : माशाचे गावठी नाव. ज्याला सांगता येईल, त्याला प्रत्येक नावामागे शंभर ग्रॅम जास्त धरायचे. नावे बरोबर की चूक, हे ठरवायला दुसरा पंच लागेल. त्यासाठी मी बाबांकडे गेलो होतो. ते म्हणाले, “येतो की. पर मंग मला गळ टाकता याचा न्हाई.”

“नाही, पंचाला टाकता येत नाही,” मी म्हणालो.

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग नातवाला हाक मारली आणि कोपऱ्यातली बांबूची कांब काढून त्याच्या हातात दिली.