मलबार हिल, जानेवारी १९२५
फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ एप्रिल १९२५मध्ये आली. दुरावलेली प्रेयसी परत मिळावी म्हणून वैभव उभं करणाऱ्या माणसाची ती कादंबरी. त्याआधी तीनच महिने, १२ जानेवारीला, मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनाढ्य व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. शेजारी होती इंदूर दरबार सोडून आलेली मुमताज बेगम. तिला ओढून न्यायला आलेल्यांनी तिचा चेहरा चाकूने चिरला. वाटेने चाललेल्या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी तिला सोडवलं.

या प्रकरणाला इंदूरच्या राजाच्या विरहाची कहाणी म्हणणं मला साफ अमान्य आहे. मुमताज हरवली नव्हती, स्वतःहून निघाली होती. कादंबरीतली ती प्रेयसी, डेझीसुद्धा शेवटी गॅट्सबीला हवा तसा भूतकाळ पुसून द्यायला तयार होत नाही. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्यावर गुन्हा कधीच सिद्ध झाला नाही, हा आक्षेप रास्तच. पण हल्लेखोरांचे धागे इंदूरला पोहोचत होते, तिघांना फाशी सुनावली गेली, आणि चौकशी आयोगापुढे जाण्याऐवजी महाराजांनी १९२६मध्ये गादी सोडली. १९२८मध्ये त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. आजही चवीने सांगितलं जातं ते हेच, मुमताजचा नकार मात्र मागे राहतो.