‘आज एकच, उद्यापासून बंद’: व्यसन आणि गुन्ह्याच्या आधी डोक्यात नेमकं काय चालतं?

‘आठवडाभर मर मर राबलोय, एवढा तर माझा हक्क आहे.’
‘माझ्या पैशाने पितो, कुणाचं काय जातं?’
‘शेठकडे रग्गड आहे, पाच हजारांनी त्याला काय फरक पडणार?’
‘त्यानेच आधी शिवी दिली.’

ही वाक्यं सगळ्यांनी ऐकलेली असतात, त्यातलं एखादं मनात म्हटलेलंही असतं. व्यसनमुक्ती केंद्रात आणि तुरुंगात काम करणारे समुपदेशक मात्र या वाक्यांवर थबकतात. ग्लास उचलण्याआधी किंवा गल्ल्यात हात घालण्याआधी माणूस स्वतःलाच एक परवानगी देतो. ती इतक्या पटकन दिली जाते की नंतर विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो, ‘काही कळलंच नाही, झालं.’ कॉग्निटिव्ह थेरपीचे जनक ॲरन बेक यांनी सहकाऱ्यांसोबत 1993 मध्ये व्यसनांवर पुस्तक लिहिलं, त्यात अशा ‘परवानगी देणाऱ्या’ समजुतींवर खास भर होता.

गुन्हेगार वेगळा विचार करतो का?

या प्रश्नाची दोन गाजलेली उत्तरं अमेरिकेतून आली, आणि ती एकमेकांना छेद देतात.

वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स हॉस्पिटलमध्ये सॅम्युएल योकल्सन यांनी 1961 मध्ये गुन्हेगारांवर अभ्यास सुरू केला. पुढे स्टँटन सेमिनाव त्यांच्यासोबत आले. सुरुवातीला त्यांनी नेहमीची पद्धत वापरली, म्हणजे बालपण खणायचं, जुन्या जखमा शोधायच्या. गंमत अशी झाली की त्या माणसांनी ही भाषा झटकन शिकून घेतली. आधी ते नुसते गुन्हे करत होते, आता ‘माझं बालपणच तसं होतं’ हे कारण सांगून करू लागले. समजूत वाढली, वागणं तेच राहिलं. मग या दोघांनी ‘का केलंस’ हा प्रश्न बाजूला ठेवला आणि ‘त्या क्षणी काय विचार केलास’ हे विचारायला सुरुवात केली. त्यातून विचारांतल्या चुकांची लांबलचक यादी तयार झाली: स्वतःला कायम बळी समजणं, समोरच्याच्या जागी स्वतःला न ठेवणं, ‘मी पकडला जाणारच नाही’ ही खात्री.

ही यादी आजही वापरली जाते. पण त्यांचा अभ्यास तपासायला तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. गुन्हेगाराची विचार करण्याची पद्धत मुळातच वेगळी असते, या त्यांच्या दाव्यावरही बरीच टीका झाली.

दुसरं उत्तर त्याआधीचं, 1957 चं आहे, आणि ते जास्त पटण्यासारखं आहे. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या समाजशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की गुन्हे करणाऱ्या पोरांनाही चांगलं-वाईट कळतं. म्हणून तर त्यांना सबबी लागतात! त्यांनी पाच सबबी मांडल्या: माझा दोष नाही, कुणाचं फार नुकसान झालं नाही, त्याची तीच लायकी होती, बोट दाखवणारे तरी कुठे धुतल्या तांदळाचे आहेत, आणि मित्रांसाठी, घरच्यांसाठी केलं.

सिग्नल तोडल्यावर पोलिसाने अडवलं की आपल्या तोंडून यातल्या किमान दोन तरी निघतातच.

दारूच्या दुकानापर्यंतचा रस्ता

व्यसनात हे विचार आणखी लपून काम करतात. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी 1980 च्या दशकात एक गोष्ट नेमकी पकडली. सोडलेलं व्यसन पुन्हा सुरू होतं, ते बहुतेकदा छोट्या-छोट्या, वरवर निरुपद्रवी निर्णयांतून.

समजा, दोन महिने दारू सोडलेला एक माणूस भाजी आणायला निघतो. रोजचा रस्ता सोडून परमिट रूमवरून जाणारा घेतो, कारण ‘तिकडे कोथिंबीर स्वस्त मिळते’. खिशात पाचशेची नोट जास्तीची ठेवतो, कारण ‘असू द्यावी’. दारात जुना मित्र दिसतो. आत ‘नुसतं बसायला’ जातो. पहिला घोट घेताना त्याला वाटतं की मित्राने आग्रह केला. खरं तर निर्णय कोथिंबिरीपाशीच झाला होता. आपल्याकडे तर या परवानग्या कॅलेंडरवर छापल्यासारख्या येतात: गटारी, थर्टी फर्स्ट, मित्राची हळद, मॅच जिंकली, मॅच हरली.

मार्लट यांनी दाखवलेला दुसरा विचार याहून घातक आहे: ‘आता झालंच आहे, तर होऊ दे.’

एक पेग घेणं आणि पूर्ण व्यसनात परत जाणं यात मोठं अंतर असतं. पहिल्याला व्यसनमुक्तीच्या भाषेत ‘स्लिप’ म्हणतात. पण चूक झाल्यावर माणूस ठरवतो, ‘मी नालायकच आहे, माझ्याच्याने होणार नाही.’ या अपराधी भावनेवर त्याला माहीत असलेलं औषध एकच असतं, ती बाटली. घरचे ‘बघ, आम्हाला माहीतच होतं’ म्हणतात तेव्हा नकळत याच विचाराला पाणी घालतात. ऑनलाइन रमीत याचं वेगळं रूप दिसतं: ‘गेलेले तेवढे काढतो, मग ॲप डिलीट.’

घरच्यांच्या विचारांनाही खाचखळगे असतात. नवऱ्याच्या ऑफिसात ‘ताप आलाय’ असा फोन करणारी बायको संसार वाचवत असते, पण परिणामांपासून त्यालाही वाचवत असते. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलं. तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो.

विचार बदलायचा म्हणजे करायचं काय?

‘सकारात्मक विचार करा’ हे उत्तर नाही. मराठी वाचकांना किशोर फडके, डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यामुळे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत ओळखीची आहे. एलिस यांनी ती 1955 च्या सुमारास मांडली. घटना घडते, तिच्याबद्दल आपली एक समजूत असते, आणि परिणाम मुख्यतः त्या समजुतीतून येतो. त्यामुळे वाद घालायचा तो समजुतीशी.

अमेरिकेतल्या तुरुंगांत चालणाऱ्या ‘थिंकिंग फॉर अ चेंज’ या कार्यक्रमात यासाठी ‘थिंकिंग रिपोर्ट’ लिहायला लावतात. कागद-पेन पुरतं. आधी काय घडलं ते दोन ओळींत, कुणालाही दोष न देता: ‘शनिवार, पगार हातात, मित्राचा फोन.’ मग डोक्यात आलेली वाक्यं जशीच्या तशी, लाज वाटली तरी: ‘मी कोल्ड्रिंकच घेईन. नाही गेलो तर बायकोचा बैल म्हणतील.’ मग भावना: कंटाळा, अस्वस्थपणा. शेवटी या सगळ्याखालची समजूत: ‘पुरुषाने मित्रांना नाही म्हणायचं नसतं.’

असे दहा-बारा कागद झाले की तीच दोन-तीन वाक्यं पुन्हा पुन्हा दिसायला लागतात. ती ओळखू आली की पुढच्या वेळी येताना ऐकू येतात, आणि मध्ये काही सेकंद मिळतात. तलफेचंही तसंच आहे. ती चढत जाऊन फुटेल असं वाटतं, पण लाटेसारखी चढते आणि ओसरते, बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ जागा बदलणं, कुणाला तरी फोन करणं, हे मोठ्या शपथांपेक्षा जास्त कामी येतं.

शिकागोत शाळकरी मुलांसाठी ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा कार्यक्रम आहे. त्यात जोड्या लावतात. एकाच्या मुठीत बॉल, दुसऱ्याला 30 सेकंदांत तो मिळवायचा असतो. जवळपास सगळे झटापट करतात. मग समुपदेशक विचारतो, ‘नुसता मागितला का नाहीस?’ उत्तर येतं, ‘त्याने दिलाच नसता, वर मला भित्रा समजला असता.’ बॉल धरलेला मुलगा सांगतो की मागितला असतास तर दिला असता, बॉलच तर आहे.

याने खरंच फरक पडतो?

पडतो, पण जादू नाही. नॅना लँडनबर्गर आणि मार्क लिप्सी यांनी 2005 मध्ये अशा 58 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. उपचार न मिळालेल्या 100 जणांपैकी साधारण 40 पुन्हा गुन्ह्यात सापडत असतील, तर उपचार घेतलेल्यांत हा आकडा 30 च्या आसपास होता. शिकागोच्या कार्यक्रमात हिंसक गुन्ह्यांतल्या अटका 45 ते 50 टक्क्यांनी घटल्या, मात्र कार्यक्रम संपल्यावर हा फरक टिकला नाही.

मग टिकतं कधी? लायबेरियाची राजधानी मनरोव्हियात चोऱ्या, ड्रग्जची विक्री करणाऱ्या 999 पुरुषांवर प्रयोग झाला. काहींना आठ आठवड्यांची थेरपी, काहींना 200 डॉलर रोख, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. नुसत्या थेरपीचा परिणाम वर्षभरात ओसरत गेला, नुसत्या पैशांचाही. दोन्ही मिळालेल्यांत तो टिकला, आणि दहा वर्षांनंतरही त्यांचे गुन्हे जवळपास निम्मेच होते. संशोधकांच्या मते, त्या पैशांतून छोटा धंदा करताना नव्या वागण्याचा सराव व्हायला वेळ मिळाला. डोक्यातलं वाक्य बदललं तरी माणूस रोज सकाळी त्याच नाक्यावर, त्याच बेकारीत उभा असेल, तर जुनं वाक्य परत यायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट मात्र वही-पेनावर सोडू नये. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती अचानक बंद केली तर हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असे त्रास होऊ शकतात, आणि ते जिवावर बेतू शकतात. त्यामुळे आधी डॉक्टर, मग विचारांचं काम. व्यसनमुक्तीसाठी सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416. या नंबरवर घरचेही फोन करू शकतात.