निधान

आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत कारखाने 'सुरू होतात'. अमुक साली अमुक ठिकाणी गिरणी सुरू झाली, तमुक साली रेल्वे सुरू झाली. सुरू होण्याआधी कोणी किती वर्षे काय केले, याला पुस्तकात जागा नसते; आणि मुख्याध्यापक झालो तरी मीही मुलांकडून सनावळ्याच पाठ करून घेत आलो. २०२५ च्या मे महिन्यात बेळगावातल्या एका गॅरेजात तीन दिवस बसून होतो, तेव्हा ही उणीव मला पहिल्यांदा बोचली.

निमित्त होते मामांच्या फियाटचे. मामा डॉक्टर. १९६६ ची फियाट डिलाइट त्यांनी १९७४ साली जुनीच विकत घेतली आणि तिच्यातून खेडोपाडीचे रुग्ण पाहिले. स्टिअरिंगखाली गिअर, समोर दोन गोल दिवे. आम्हा भाचरांना तिच्या मागच्या सीटवर बसायला मिळणे म्हणजे दिवाळीच.

बेळगावला यंत्रांची ओढ जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचे दुकान काढले ते याच गावात. पण फियाटची कथा सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची आहे. हिंदुस्थानात मोटारी तयार व्हाव्यात अशी योजना १९३० च्या दशकात सर विश्वेश्वरय्यांनी आखली. ते म्हैसूरकडचे, पण अभियांत्रिकी शिकले पुण्यात आणि नोकरीत वाढले ते मुंबई इलाख्याच्या. म्हैसूरकडच्या एका अभियंत्याचा आराखडा सोलापूरच्या उद्योगपतीने उचलून धरला, ही गोष्ट आपल्यासारख्या दुभाषी मुलखाने विसरू नये. वालचंदांनी अमेरिकेत जाऊन क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. तेवढ्यात महायुद्ध पेटले. मोटारींचा कारखाना युद्धाला आवश्यक नाही, असे म्हणून ब्रिटिश सरकारने पाठबळ नाकारले. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्याही क्रायस्लरचे सुटे भाग जोडलेल्या.

१९५३ च्या सुमारास सरकारचे धोरण ठरले. जे नुसती जोडणी करतात आणि गाडीचे भाग इथे बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी नाही, त्यांना इथे वाव उरला नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियरने १९५४ साली फियाट ११०० हाती घेतली. वालचंद मात्र १९५३ च्या एप्रिलातच निवर्तले होते. ज्या गाडीने त्यांच्या कारखान्याचे नाव घरोघरी नेले, तिचा आवाज त्यांनी ऐकला नाही. तेच १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन पुढे डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी अशा नावांखाली धावत राहिले. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली.

आता माझी कबुली. १९८९ साली मामांच्या गाडीचे इंजिन एकदा नव्याने बांधले होते. मामेबहिणीचे लग्न तोंडावर आले होते. वरातीला गाडी हवीच, म्हणून मीच गॅरेजवाल्याकडे रोज खेपा घातल्या. त्याने घाईने तेल ओतले आणि चावी फिरवली. इंजिन गरजले, आम्ही टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी खानापूरच्या वाटेवर खालून ठोके ऐकू येऊ लागले. बेअरिंगे गेली होती. वरात भाड्याच्या गाडीतून निघाली. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. फियाट परसातल्या शेडमध्ये गेली आणि छत्तीस वर्षे तिथेच उभी राहिली.

यंदाचे मिस्त्री सत्तरीचे. घरात उर्दू, पोरांशी कन्नड, आमच्याशी मराठी. सिलिंडर बोअर करून आणले, क्रँक ग्राइंड झाला, नवे पिस्टन आणि रिंगा बसल्या. इंजिन गाडीत चढले तसे मी विचारले, "मग आता चावी लावायची ना?"

"निधान, सर, निधान," मिस्त्री म्हणाले. "आता तर काम सुरू झालंय की."

निधान म्हणजे कन्नडमध्ये सावकाश; आणि आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा. हे वाचकांना सांगायला नकोच.

नव्याने बांधलेल्या इंजिनाला सगळ्यात मोठा धोका असतो तो पहिल्या काही सेकंदांत. तेलाचा पंप कोरडा असतो, नळ्या रिकाम्या असतात. चालू इंजिनात क्रँक तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर नसेल तर धातूवर धातू घासतो. १९८९ साली नेमके हेच घडले. म्हणून मिस्त्रींनी जोडतानाच बेअरिंगांना आणि कॅमला वंगण चोपडले होते. आता तेल भरले, फिल्टरही तेलाने भिजवून लावला. मग चारही प्लग काढून ठेवले. प्लग नसले की सिलिंडरात दाब धरत नाही, इंजिन हलके फिरते आणि बेअरिंगांवर भार येत नाही. स्टार्टर थोडा वेळ फिरवायचा, थांबायचे, पुन्हा फिरवायचा. समोरच्या तेलाच्या लाल दिव्याकडे मी टक लावून होतो. चौथ्या खेपेला तो विझला. तरी मिस्त्रींनी वरचे झाकण उघडून रॉकरांपर्यंत तेल पोचल्याचे डोळ्यांनी पाहिले, तेव्हा कुठे प्लग बसले.

पुढे टॅपेटची फट तपासली, टायमिंग जुळवले, करंटच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने लागल्या की नाही ते पाहिले. रेडिएटरमध्ये पाणी भरले. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या काढून टाकल्या, कारण आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुने रबर खाते. तेलही विचारून आणवले होते. हल्लीच्या मोटारींच्या तेलात जस्ताचे प्रमाण पूर्वीपेक्षा कमी असते आणि जुन्या धाटणीच्या कॅमला ते पुरत नाही. वाळूची बादली आणि आग विझवण्याचे नळकांडे जवळ ठेवून त्यांनी चावी लावली, तोच कार्बोरेटरपाशी पेट्रोलचा थेंब दिसला. सगळे पुन्हा बंद. क्लिप बदलण्यात अर्धा तास गेला. मी या खेपेला तोंडातून शब्द काढला नाही.

मग इंजिन सुरू झाले. मला वाटले होते आता ते मंद चालू ठेवतील. पण नव्या कॅमला मंद चाल सोसत नाही, त्याच्यावर पुरेसे तेल उडत नाही. म्हणून वीस मिनिटे एकाच मध्यम वेगावर ठेवून मिस्त्री कान देऊन उभे राहिले. पाण्याचे तपमान, लाल दिवा, गळती, सगळीकडे त्यांची नजर होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मामा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. खुर्चीत बसून ते ऐकत होते. इंजिन बंद झाल्यावर मला म्हणाले, "आता खुशाल वरातीला ने."

मी तिथे काही बोलू शकलो नाही. पहिले पाचशे किलोमीटर सांभाळून चालवायचे आहेत, मग तेल बदलायचे आहे. शाळा उघडल्यावर नववीला प्रीमियरची गोष्ट सांगितली, तेव्हा फळ्यावर १९४७ च्या आधी विश्वेश्वरय्यांचा आराखडा, सरकारचा नकार आणि १९४४ हे सारे लिहिले. एका मुलीने विचारले, "सर, हे सगळं परीक्षेला आहे?"

"नाही," मी म्हणालो, "पण लिहून घ्या. निधान लिहा."