‘संरक्षण’ आणि कोठडी : ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या मृत्यूंचा पूर्वेतिहास

पश्चिम ऑस्ट्रेलियातील रोबर्न येथे १९८३ साली सोळा वर्षांचा एक आदिवासी मुलगा पोलीस कोठडीत मरण पावला. अशा मृत्यूंविषयी आप्तांनी चालविलेल्या चळवळीमुळे १९८७ साली शाही आयोग नेमण्यात आला. जानेवारी १९८० ते मे १९८९ या काळातील ९९ मृत्यूंची त्याने छाननी केली. त्यांपैकी ६३ पोलिसांच्या ताब्यात घडले होते. १९९१ सालच्या अहवालातील निष्कर्ष प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. कोठडीत गेलेल्या आदिवासींच्या मृत्यूचे प्रमाण इतर बंदिवानांहून अधिक नव्हते. अधिक होते ते त्यांच्या कोठडीत जाण्याचेच प्रमाण. एवढ्यावरून पोलिसांस निर्दोष मानणे हा अहवालाचा विपर्यास होय. हयगयीची उदाहरणे त्यात पुष्कळ आहेत. परंतु मृत्यूची कारणे कोठडीच्या दाराबाहेरही शोधली पाहिजेत, हे त्यातून निश्चित झाले.

तो शोध एका शब्दापाशी येऊन पोहोचतो. व्हिक्टोरिया (१८६९), क्वीन्सलंड (१८९७) व न्यू साउथ वेल्स (१९०९) येथील आदिवासीविषयक कायद्यांच्या नावांतच ‘संरक्षण’ हा शब्द होता. क्वीन्सलंडमध्ये स्थानिक ‘संरक्षक’ म्हणून बहुधा पोलीस अधिकारीच नेमला जाई. आदिवासीने कोठे राहावे, कोणाकडे राबावे, स्वतःच्या मजुरीचा पैसा केव्हा काढावा, हे सारे त्याच्या हाती असे. रक्षण करणारा आणि पकडणारा एकच! मुलांना आईबापांपासून तोडण्याचे कामही याच व्यवस्थेने केले. आयोगाने तपासलेल्या ९९ जणांपैकी ४३ जण बालपणीच कुटुंबापासून अलग केलेले होते.

भाषेचाही येथे संबंध पोहोचतो. डायना ईड्स या भाषाशास्त्रज्ञेने दाखविल्याप्रमाणे, अधिकाऱ्याच्या प्रश्नांच्या भडिमारास आदिवासी इंग्रजीत दिलेला ‘होय’ हा पुष्कळदा कबुली नसून संभाषण आटोपण्याचा मार्ग असतो. चौकशीच्या कागदावर मात्र तो कबुली म्हणूनच उमटतो.

सार्वजनिक ठिकाणी मद्यधुंद असणे हा गुन्हा मानू नये, अशी आयोगाची शिफारस होती. व्हिक्टोरियाने ती दीर्घकाळ अमलात आणली नाही. तेथे २०१७ साली रेल्वेगाडीत झोपी गेलेल्या एका आदिवासी स्त्रीस याच गुन्ह्याखाली अटक झाली. कोठडीत पडून तिच्या डोक्यास इजा झाली व पुढे तिला मृत्यू आला. आयोगाने तपासलेल्या ९९ मृत्यूंत तिच्या एका नातलगाचा मृत्यू होता. ते कलम नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाले.